उबुंटू, इनपेज आणि आमच्या प्रश्नपत्रिका

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. माझा जुना लॅपटॉप विंडोज 11 घेईना, म्हणून त्यावर उबुंटू टाकलं.

नवशिक्याला धास्ती असते ती काळ्या खिडकीत टाइप करायच्या कमांडची. त्या हळूहळू जमतात. प्रिंटरही आढेवेढे घेत चालू झाला. खरी अडचण आली ती भाषेची. आमच्या उर्दू प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये, आणि आमच्याकडचं इनपेज विंडोजवरचं. मराठी फाइली युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नसला की पानावर नुसती भलतीच चिन्हं. म्हणजे मेहनत आमची, किल्ली दुसऱ्याकडे.

मग लिब्रेऑफिस उघडलं. उर्दूसाठी नोटो नस्तालिक हा मोफत फॉन्ट घेतला, मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. एकाच पानावर उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून नीट बसली.

जुने पेपर आता सुट्टीत एकेक करून युनिकोडमध्ये उतरवतेय. काम कंटाळवाणं आहे. पण नंदुरबार, शहादा, अक्कलकुवा, कुठल्याही शाळेतल्या शिक्षकाला ते उघडता येतील. तुम्हीही सिस्टीम बदलणार असाल, तर आधी एवढं बघा: तुमचं लिखाण कुणाच्या कुलपात आहे?