चादरींचे वाळवण

आमच्या धामापुरात पावसाळ्यात एखादी वस्तू भिजली केव्हा हे सांगता येते. ती वाळली केव्हा हे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या दिवसांत घरातल्या माणसांपेक्षा वलणीवरच्या कपड्यांची चिंता जास्त असते. पडवीतून ते माजघरात येतात, माजघरातून चुलीवरच्या दांडीवर चढतात, आणि शेवटी धुराचा वास घेऊन अर्धवट ओलेच आपल्या अंगावर येतात. आपल्या वर्गात जुलै महिन्यात जो एक कुबट, धुरकट दरवळ असतो, तो कोणा एकाचा नसून आपणा सर्वांचा आहे!

माझ्या आईला हा ऋतू अधिक जड जातो, कारण इतरांच्या चादरी वाळवणे हा तिचा व्यवसाय आहे. धामापूरचा तलाव आणि काठचे भगवतीचे देऊळ पाहायला बारमाही माणसे येतात. त्यांच्यासाठी गावात राहण्याजेवणाची सोय झाली आहे. अशाच एका घरगुती निवासाच्या चादरी, अभ्रे आणि पंचे आई धुऊन, वाळवून, घडी घालून देते. नगाप्रमाणे पैसे मिळतात. माझी कॉलेजची फी त्यातूनच भरली जाते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे फी भरण्याचा दिवस आमच्याकडे जवळपास सणासारखा असतो.

गेल्या पावसाळ्यात पाहुण्यांनी तक्रार केली, की चादरींना धुराचा वास येतो. तक्रार खरी होती. निवासाच्या मालकांनी, ज्यांना मी काका म्हणते, यावर उपाय म्हणून गोव्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून कपडे वाळवण्याचे जुने यंत्र आणले. आपल्याकडे धुण्याच्या यंत्रातल्या ज्या टाकीला ‘ड्रायर’ म्हणतात, ती कपडे गरगर फिरवून नुसते पिळते. हे तसे नव्हते. यात विजेची कॉइल होती. ती हवा तापवते, पंखा ती हवा फिरत्या पिंपातल्या कपड्यांतून ओढतो, आणि ओली हवा मागच्या जाड नळीने बाहेर टाकतो.

यंत्र आले, वाजतगाजत सुरू झाले आणि आठवडाभरात गार पडले. पिंप फिरे, आवाज होई, पण दोन तासांनी चादरी बाहेर काढल्या तर जशाच्या तशा ओल्या. कुडाळहून दुरुस्तीचा माणूस यायला चार दिवस लागणार होते. काकांनी यंत्राबरोबरची इंग्रजी पुस्तिका माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “तू कॉलेजात जातंस मां? मगे वाच बघया काय लिवलला हा ता.”

पहिल्या पिढीत शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा प्रसंग येतो. तुम्ही इतिहास शिकता की मराठी, याच्याशी गावाला कर्तव्य नसते. सातबाऱ्यापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळे तुम्हाला वाचता आले पाहिजे. मी पुस्तिका घेऊन पडवीत बसले. पण त्या वेळी माझ्या मनात दुसरेच काही घोळत होते. हे यंत्र चालले, तर पावसाळ्याच्या चार महिन्यांत आईला चादरी मिळणार नाहीत. पुस्तिका मिटून “मला समजत नाही काका” एवढे म्हटले असते, तर कोणी मला दोष दिला नसता. मी हे रात्री आईजवळ बोलले. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “ठावक असान गप रवणा म्हणजे खोटाच बोलणा.” त्यावर मला पुढे बोलता आले नाही.

दुसऱ्या दिवशी मी यंत्रापाशी गेले. पुस्तिकेत दोष शोधण्याचा क्रम फार शहाणपणाने दिला होता : आधी वीज बंद करून जोडणी काढा, मग जे उघड्या डोळ्यांनी दिसते ते पाहा, यंत्राच्या पोटात हात शेवटी घाला. दाराजवळची जाळी ओढून काढली, तर तिच्यावर सुती लव दाटून बसली होती, अगदी पांघरुणासारखी. मग मागची नळी पाहिली. जागा कमी म्हणून यंत्र भिंतीला टेकवले होते आणि त्यात नळी चेपून चपटी झाली होती. ओली हवा बाहेर जाणार कोठून?

हवा अडली की कॉइलभोवतीची उष्णता साचते. आग लागू नये म्हणून तेथे एक संरक्षक खटका असतो. उष्णता मर्यादेबाहेर गेली की तो कॉइलची वीज तोडतो. पंखा आणि पिंप फिरतच राहतात, म्हणून यंत्र चालू आहे असे आपल्याला वाटते. म्हणजे आमचे यंत्र तापत नव्हते, ते आधी नको तितके तापले होते म्हणून! जाळी साफ केली, यंत्र हातभर पुढे ओढले, नळी सरळ केली, आणि पुस्तिकेत दाखवलेले मागचे बटण दाबले. अर्ध्या तासात चादरींतून ऊब येऊ लागली.

तरीही संध्याकाळी ते मंद चाले. त्याचे उत्तर फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर मिळाले. दुपारी २३० जवळ असणारा काटा दिवेलागणीला १८० वर उतरे. दाब कमी झाला की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २,००० वॅटची कॉइल १८० व्होल्टवर जेमतेम सव्वाबाराशे वॅटची होते. दहावीच्या विज्ञानातली सुप्त उष्णता येथे कामी आली. हाताने पिळलेल्या सहा चादरींत तीनएक लिटर पाणी राहते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे दोन तृतीयांश युनिट वीज लागते, म्हणजे तीन लिटरांना दोन युनिट. दुपारी ज्याला किमान एक तास लागेल, त्याला संध्याकाळी दीड तासाहून अधिक लागणार.

हा हिशेब मी काकांना कागदावर मांडून दिला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि निर्णय दिला : पावसात यंत्र, तेही दुपारी, उन्हाळ्यात वलणी. सूर्याचे बिल येत नाही, हे त्यांना बरोबर कळले. पण पावसाळ्यात आईकडे आता फक्त धुणे राहिले आहे, वाळवणाचे पैसे गेले. यंदाची फी दोन हप्त्यांत भरावी लागली. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पण ते झाकून ठेवावे असेही मला वाटत नाही. शिक्षणाने घराचा फायदाच होतो असे आपण भाषणांत ऐकतो. कधी कधी शिक्षण आपल्याच घरातल्या चार पैशांवर पाणी सोडायला लावते, आणि तरीही ते खरे शिक्षण असते.

यंत्र नीट पाहिल्यावर मला घरच्या चुलीवरची दांडीही नव्याने समजली. पावसाची झड लागली की आपण दारेखिडक्या लावून घेतो आणि आत जाळ वाढवतो. कपडे मात्र वाळत नाहीत. ३० अंशांची हवा घनमीटरला सुमारे तीस ग्रॅम बाष्प धरते, ५० अंशांची ऐंशीच्या वर. उष्णता हवेची झोळी मोठी करते. पण भरलेली झोळी बाहेर नेऊन रिकामी केली नाही, तर मोठी असून उपयोग काय? आता आम्ही वरच्या कौलांमधला एक झरोका मोकळा ठेवतो. धूरही जातो, ओलही जाते.

आमचा तलाव १५३० सालचा, विजयनगरच्या काळातला. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता दिली, तेव्हा गावाला फार अभिमान वाटला. त्या आयोगाच्या नावात सिंचनाला जोडून निचरा आहे, याकडे माझे लक्ष मात्र या यंत्रानंतर गेले. पाणी असो, ऊब असो, की चार बुके शिकून आलेले ज्ञान असो, साठवण्याइतकीच त्याला वाट करून देण्याची काळजी घ्यावी लागते. आईने ती गोष्ट भाकरी थापताना एका वाक्यात सांगितली होती. मला ती समजायला एक पुस्तिका वाचावी लागली.

— द्वितीय वर्ष, कला