समुद्राची देवघेव

मैत्रिणींनो, निवृत्तीनंतर कोकणात समुद्राकाठी चार गुंठे जागा घ्यायची, असं बोलणं हल्ली आपल्यापैकी पुष्कळजणींच्या घरात निघतं. मंडळी जागा पाहून येतात, नारळाची झाडं मोजतात, रस्ता, वीज, विहीर सगळं विचारतात. समुद्राची चौकशी मात्र कोणी करत नाही. तो काय, तिथेच असणार! पण तो 'तिथेच' नसतो हं. म्हणून त्याची देवघेव आपण बायकांनी तरी आधी समजून घ्यावी.

आधी लाट म्हणजे काय ते बघा. खोल पाण्यात नारळ तरंगत असेल तर लाट आली की तो वर-खाली होतो, पण जवळजवळ जागच्या जागीच राहतो. म्हणजे पुढे येतं ते पाणी नव्हे, त्यातला जोर. किनाऱ्याशी तळ उथळ झाला की लाटेचा पाय अडखळतो, डोकं पुढे जातं आणि ती कोसळते. निऱ्यांत पाय अडकला की आपलं होतं ना, अगदी तस्संच!

हा जोर काय करतो ते हरिहरेश्वरला दिसतं. तुमच्यापैकी कित्येकींनी तिथली प्रदक्षिणा केली असेल. कड्याच्या फटीतून पायऱ्या उतरून आपण ज्या सपाट खडकावर येतो, तो कुणी घडवलेला नाही. एके काळी कडा तिथवर पुढे होता. लाटांनी त्याचा पायथा पोखरला, वरचा भाग ढासळला, असं होत होत कडा मागे सरला आणि खाली फरशी तेवढी उरली. मुलांच्या भूगोलात 'तरंगघर्षित मंच' असा जो दात पाडणारा शब्द येतो, तो हाच. लाट आपटते तेव्हा फटीतली हवा कोंडून दाबली जाते आणि लाट मागे फिरताच एकदम सुटते. त्यानेही खडक खिळखिळा होतो. खडकाला मधाच्या पोळ्यासारखी जी जाळी पडलेली दिसते, तिच्यात मिठाचाही हात आहे. जुन्या भिंतीला लोणा लागून पोपडे निघतात ना, तोच प्रकार. (आणि हो, प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची. भरती लागली की देवाचं नाव घेऊन पुढे जाणं हे काही भक्तीचं लक्षण नव्हे.)

मग एवढं फोडलेलं जातं कुठे? किनाऱ्याजवळ आल्यावर लाटा वळतात. पुढे आलेल्या खडकाळ टोकाला त्या दोन्हीकडून घेरतात आणि मधल्या वाकणात पसरून सौम्य होतात. म्हणून टोकं झिजतात आणि वाकणात वाळू साठून पुळण तयार होते. त्यात नद्यांनी आणलेली वाळू असते, शंखशिंपल्यांचा चुरा असतो. शिवाय लाट तिरकी आली तर वाळू तिरकी वर जाते आणि परतणाऱ्या पाण्याबरोबर सरळ खाली येते. मशीनवरच्या झिगझॅग शिलाईसारखी ती किनाऱ्याने पुढे पुढे सरकते. नदीच्या मुखाशी प्रवाह मंदावला की तिथे बसते आणि वाळूचा दांडा वाढत जातो.

मालवणजवळचं देवबाग असंच वाळूवर वसलेलं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर माड, घरं, नांदते संसार. आमच्या नात्यातल्या एक आजी तिकडच्या. त्या म्हणायच्या, "समुद्र व्हरता तसो हाडून पण घालता गो." नेतो तसा आणूनही टाकतो! शास्त्र तरी वेगळं काय सांगतं? पावसाळ्यातल्या उंच, घाईच्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध घालतात. पाऊस सरला की शांत, लांबट लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात.

या देवघेवीत किनाऱ्याची शिल्लक म्हणजे मागच्या वाळूच्या टेकड्या. आपण डब्यात चार पैसे बाजूला ठेवतो, तशी ही अडीअडचणीची पुंजी. वादळी लाट आली की समुद्र त्यातली वाळू घेतो आणि घर वाचतं. जांभळ्या फुलांची मर्यादवेल ही वाळू धरून ठेवते. नाव कसं अचूक आहे बघा! आणि आपण काय करतो? 'समोरून समुद्र दिसला पाहिजे' म्हणून टेकडी सपाट करतो, वेल उपटतो. मग लाट अंगणात आली की दगडी बंधारा मागतो. बंधाऱ्यामागची जमीन काही काळ वाचते, नाही असं नाही. ज्यांच्या उंबऱ्याशी पाणी आलंय त्यांनी दुसरं करावं तरी काय? पण भिंतीवर आपटून फिरलेली लाट पायथ्याची वाळू उकरते, पुढची पुळण अरुंद होते आणि भिंत संपते तिथल्या शेजाऱ्याची जमीन जास्त खचू लागते. खाडीतून वाळू उपसली, नदी धरणाने अडवली, की आवकही आटते. खर्च तेवढाच राहतो!

किनाऱ्यालगतच्या बांधकामावर १९९१ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत, २०१९ साली ते नव्याने काढले गेले. तेव्हा सौदा करण्याआधी जागा कोणत्या पट्ट्यात येते ते विचारा. दलालाला नव्हे, कचेरीत. आणि जागा बघायला दिवाळीनंतर जाऊ नका. तेव्हा पुळण भरलेली, समुद्र शहाण्या मुलासारखा. आषाढातल्या अमावास्येच्या उधाणाला जा, भरतीची वेळ गाठून. शेजारच्या घरातल्या म्हातारीला विचारा, "आजी, तुम्ही नव्या नवरी होतात तेव्हा पाणी कुठवर यायचं?" त्या हात करून दाखवतील तिथून तुमच्या जागेपर्यंतचं अंतर पावलांनी मोजा.