भिंतीला वाळू द्या

कोकणात नवं घर बांधणाऱ्याच्या डोक्यात दोन दिवस पक्के असतात. अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश करायचा आणि भाद्रपदात गणपती नव्या घरात बसवायचा. या दोन दिवसांमध्ये अख्खा पावसाळा उभा असतो, हे मात्र कुणी धरत नाही. रत्नागिरीच्या बाजूला घरं बांधतो, त्यामुळे गणपतीच्या आधी फोन येणार हे मला माहीत असतं: ‘कपाटामागं काळं धरलंय, स्लॅब गळतोय का बघून जा.’

बहुतेक वेळा स्लॅब गळत नसतो. ते पाणी बांधताना आम्हीच घातलेलं असतं. 50 किलोच्या सिमेंटच्या पिशवीमागे काँक्रीटमध्ये साधारण 25 लिटर पाणी पडतं. घट्ट होताना सिमेंट त्यातलं जेमतेम निम्मं कायमचं धरून ठेवतं; बाकीचं सावकाश बाहेर पडायचं असतं. शिवाय गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारलेलं असतं. ते मारायलाच हवं, नाहीतर गिलावा तडकतो. जांभ्याचा चिरा सच्छिद्र, तोही पाणी पितो. चांगल्या हवेत काँक्रीट महिन्याला इंचभर वाळतं, असा जुना ठोकताळा आहे. पण आषाढात हवाच पाण्यानं भरलेली असते. ती भिंतीतलं पाणी घेणार कशी? आणि अशा ओल्या भिंतीवर मे महिन्यात घाईनं पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की पाण्याची वाटच बंद होते. मग पोपडे सुटतात.

तक्रार आली की मी आधी डाग बोटानं चोळून बघतो. पांढरी पूड आली आणि ती पाण्यात विरघळली, तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून वर आलेले क्षार. कोरड्या ब्रशनं झाडले की झालं. काळे-हिरवे ठिपके म्हणजे बुरशी. तिला कोरडा ब्रश लावू नये, कण घरभर उडतात. नाकाला फडकं बांधून साबणाच्या ओल्या कापडानं पुसावी. मग फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवसभर भिंतीवर ठेवतो. भिंतीच्या बाजूनं थेंब जमले तर पाणी भिंतीतलं, खोलीच्या बाजूनं जमले तर हवेतलं. जोत्यालगतची ओल, खिडकीच्या कोपऱ्यात झडीनं उतरणारी ओल किंवा न्हाणीघरामागची ओल ही मात्र बांधकामातली खोट. ती वाळण्याची वाट बघत बसू नये, दुरुस्तच करून घ्यावी.

सर्वांत जास्त हाल होतात ते कुलूपबंद घरांचे. चाकरमानी जूनमध्ये दारं लावून मुंबईला जातो आणि नवी ओली भिंत, गादी, प्लायवूडचं कपाट सगळं एकाच कोंडलेल्या हवेत राहतं. बुरशीला आणखी काय हवं? किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा. उघडीप पडली की खिडक्या उघडायला आणि तासभर पंखे लावायला सांगा. कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढं ठेवा.

पहिल्या वर्षी आतून नुसता चुना मारा, चुन्यातून भिंतीतली वाफ बाहेर पडते. रंगाचे पैसे बाजूला काढून ठेवा आणि रंगाऱ्याला दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर बोलवा.