सात कारणं आणि न विचारलेला प्रश्न

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे जाहीर झाले की वर्तमानपत्रांत एक मथळा हमखास येतो: नवऱ्याच्या मारहाणीला बायकांचाच पाठिंबा. २०१९-२१च्या पाहणीनंतरही तो आला. सातपैकी निदान एका कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य, असं देशातल्या ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितलं होतं. 'बाईच बाईची शत्रू' म्हणणाऱ्यांना वर्षभराची शिदोरी मिळाली. अशा पाहण्यांसाठी घरोघर जाऊन मुलाखती घेणाऱ्या मुलींना शिकवणं हे माझं काम आहे, त्यामुळे टक्केवारीच्या आधी मला प्रश्न आठवतो.

बायको न सांगता बाहेर गेली, घराकडे नाहीतर मुलांकडे दुर्लक्ष केलं, नवऱ्याशी वाद घातला, शरीरसंबंधाला नाही म्हणाली, स्वयंपाक नीट केला नाही, तिच्यावर संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. अशा वेळी नवऱ्याने तिला मारणं बरोबर आहे का? प्रत्येक कारणाला हो किंवा नाही. १९९८-९९मध्ये कारणं सहा होती आणि त्यांत एक होतं, माहेरहून अपेक्षेइतके पैसे, दागिने आले नाहीत तर. यादी सलग वाचली की सुनेने काय काय करायचं याचं पत्रकच हाती येतं. सगळ्यांत जास्त होकार मिळतो तो सासू-सासऱ्यांच्या मानाला: ३२ टक्के स्त्रिया, ३१ टक्के पुरुष. बायकोने नवऱ्याशी कसं वागावं यापेक्षा घराशी कसं वागावं, हे लोकांना जास्त पक्कं ठाऊक असतं.

मुलाखतीत बायका या प्रश्नाला सहसा एका शब्दात उत्तर देत नाहीत. "भाजीत मीठ कमी पडलं म्हणून कुणी मारतं का?" असं म्हणून स्वयंपाकाचं कारण हसून उडवतात. मग सासऱ्याच्या मानाची गोष्ट निघाली की आवाज बदलतो. "उलट बोलली तर एखादी बसणारच की." मला हे वाक्य महत्त्वाचं वाटतं. बसावी असं ती म्हणत नाही, बसेल असं म्हणते. तिला घरचा कायदा पाठ आहे आणि तो तिने बिनचूक सांगितला. आमच्या फॉर्मवर मात्र 'हो'च्या चौकटीत खूण होते, आणि त्या खुणेचा पुढे 'पाठिंबा' होतो.

म्हणून बायका निर्दोष, असं मी म्हणत नाही. हाच कायदा पाठ केलेली बाई पुढे सासू होते आणि मुलाला तो म्हणून दाखवते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात तक्रार 'प्रौढ पुरुषा'विरुद्धच करता येईल अशी शब्दरचना होती; सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये ती रद्द केली, आणि ते योग्यच झालं.

आता राज्यांकडे पाहा. हिमाचल प्रदेशात मारणं योग्य म्हणणाऱ्या स्त्रिया १५ टक्के, तेलंगणात ८४. महाराष्ट्रात ४४, म्हणजे देशाच्या सरासरीजवळ. आणि केरळ? ५२. त्याच केरळात नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया सुमारे १० टक्के, आपल्याकडे २५. मत आणि मार यांचा हिशेब सरळ जुळत नाही. शिक्षण वाढलं की सगळं आपोआप सुटतं, या आपल्या लाडक्या समजालाही केरळचा आकडा आडवा येतो.

या मताचं खरं नुकसान दुसरीकडे दिसतं. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली नाही की कुणाला सांगितलंही नाही. मार ही चुकीची शिक्षा असं एकदा धरलं, की तक्रार करायला जाणं म्हणजे आधी स्वतःची चूक कबूल करणं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्नही तोच येतो, "तुम्ही काय केलं होतं?" मुंबई पोलिसांच्या सोबतीने टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४मध्ये स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू केला, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र उभं राहिलं, ते हा प्रश्न न विचारणारी माणसं समोर बसावीत म्हणूनच. २००५चा कायदाही चूक कुणाची हे विचारत नाही. मारायला योग्य असं एकही कारण त्यात दिलेलं नाही.

राहिले पुरुष. मारणं योग्य म्हणणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २००५-०६मध्ये ५१ टक्के होतं, २०१५-१६मध्ये ४२वर आलं आणि पुढच्या पाहणीत ४४ झालं. स्त्रियांचं मात्र प्रत्येक वेळी उतरत गेलं: ५४, ५२, ४५. मथळ्यात हे कुणी घेतलं नाही. शिवाय पुरुषाला आम्ही फक्त मत विचारतो. बाईला तिच्यावर काय गुदरलं ते एकेक करून विचारतो: ढकललं का, थप्पड मारली का, गळा दाबला का. ते विचारताना जवळपास कुणी नाही याची खात्री करावी लागते. कुणी आलं तर थांबावं लागतं. इतकी काळजी घेऊन अर्धीच गोष्ट लिहून घेतली जाते.

पुरुष खरं सांगणार नाहीत, असा आक्षेप येतो. २०१४मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांतल्या ९,२०५ पुरुषांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बायकोवर कधी ना कधी कोणत्या तरी प्रकारची हिंसा केल्याचं ६० टक्के पुरुषांनी स्वतः सांगितलं. सोसल्याचं सांगणाऱ्या स्त्रिया ५२ टक्के होत्या. म्हणजे विचारलं तर पुरुष बोलतात, बायकांहून मोकळेपणाने बोलतात. तेव्हा राष्ट्रीय पाहणीची पुढची प्रश्नावली ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे: पुरुषांच्या विभागात ही सात कारणं राहू द्या, पण त्यांच्याखाली एक ओळ वाढवा. गेल्या बारा महिन्यांत तुम्ही बायकोवर हात उचललात का?