काळे नख

आमच्या शाळेत दर सोमवारी प्रार्थनेनंतर नखांची तपासणी होते. एकदा मी आठवीच्या वर्गात तपासणी करत होतो. एका मुलाने उजवा हात पाठीमागे लपवला. मी तो पुढे करायला लावला. त्याच्या अंगठ्याचे नख काळे दिसत होते. "काय हा मळ! नख स्वच्छ केल्याशिवाय वर्गात येऊ नकोस," मी रागाने म्हणालो. तो काहीतरी सांगणार होता. पण मी ऐकायला थांबलो नाही.

दोन दिवस तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी आला, तेव्हा त्याचा अंगठा लाल होऊन सुजला होता. त्याला पेनही धरता येत नव्हते.

"सर, दारात अंगठा चेंगरला होता. कितीही घासलं तरी काळं जाईना. म्हणून ब्लेडनं खरवडलं," तो हळूच म्हणाला.

मला फार वाईट वाटले. मी त्याला लगेच दवाखान्यात नेले. त्याला नखुरडे झाले होते. डॉक्टरांनी औषध दिले आणि मला नखाची माहिती सांगितली. मुलांची नखे मी रोज पाहत होतो. पण नख म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते.

आता तुम्ही आपल्या अंगठ्याकडे नीट पाहा. नखाचा कठीण भाग केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. तो निर्जीव असतो, म्हणून नख कापताना दुखत नाही. त्याखालची त्वचा मात्र जिवंत असते. तिच्यातील रक्तामुळे नख गुलाबी दिसते. नखाच्या मुळाशी एक पांढरट चंद्रकोर दिसते. उर्दूत आपण तिला हिलाल म्हणू. तिथेच, त्वचेच्या आत, नवे नख तयार होते. त्यावरची पातळ कातडी बंद दारासारखी असते. ती रोगजंतूंना आत जाऊ देत नाही. त्या मुलाने नेमकी तीच कापली होती.

त्याच्या नखावरचा डाग मळाचा नव्हता. ते नखाखाली साकळलेले रक्त होते. ते घासून कसे जाणार? हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. पूर्ण नवे नख यायला साधारण ६ महिने लागतात. नखाबरोबर डागही पुढे सरकतो. पण मार न लागता नख काळे पडले, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा.

मित्रांनो, अंघोळीनंतर नखे मऊ होतात. तेव्हा ती नेलकटरने कापा. फार खोल कापू नका. पायाची नखे सरळ कापा. नखांतील मळ साबण आणि मऊ ब्रशने काढा. पिन किंवा ब्लेड वापरू नका. नखे दातांनी कुरतडू नका. मुळाची कातडी कोरडी पडली, तर थोडे खोबरेल तेल लावा.

मी वर्गासमोर त्या मुलाची माफी मागितली. पुढे दर सोमवारी तो स्वतःच अंगठा दाखवू लागला. डाग हळूहळू टोकाकडे सरकत होता. सहा महिन्यांनी त्याने उरलेला काळा तुकडा कापून टाकला आणि हसत हात पुढे केला.

नखांची तपासणी मी आजही करतो. मात्र एखादे नख वेगळे दिसले, की आधी विचारतो, "बाळा, काय झालं?"