लक्ष्मी आत, डास बाहेर

तिन्हीसांजेला दार लावायचं नाही, लक्ष्मी परत फिरते, असा आजीचा दंडक होता. आणि डोंबिवलीत डास घरात घुसायची वेळही नेमकी तीच! हा तंटा तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत जाळीच्या दाराने मिटवलेला असायचा. लाकडी चौकट, तिच्यावर लोखंडी जाळी, कडेने चुका मारून बसवलेल्या बारीक पट्ट्या, आणि दार आपोआप मिटावं म्हणून एक लांबलचक स्प्रिंग. आतलं भक्कम दार दिवसभर सताड उघडं असायचं. ते फक्त रात्री झोपताना आणि गावाला जाताना लागे.

जाळीला तसा मोठा वारसा आहे. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. पुढे १९०० साली पॅट्रिक मॅन्सन यांनी रोमजवळच्या हिवतापी दलदलीत जाळी लावलेली झोपडी उभारली. तिच्यात दोन डॉक्टर ऐन मोसमात राहिले आणि ठणठणीत परतले. आमच्या जाळीचा वकूब मात्र बेताचाच. तिला गंज चढायचा, भोकं पडायची, वडील तिथे तारेने ठिगळ शिवायचे, आणि रात्री कासव छाप लावावी लागायचीच. जुनं ते सगळं सोनं, असं मी या दाराबद्दल तरी म्हणणार नाही.

पण राबलं किती ते दार! दूधवाला, पेपरवाला, वाटीभर साखर मागायला आलेल्या काकू, सगळ्यांशी बोलणं जाळीतूनच. दिवसा आतून बाहेरचं स्वच्छ दिसे आणि बाहेरच्याला आतलं काही दिसत नसे. घरातल्या बायकांना ही सोय फार आवडायची. दार आदळलं, की आई ओट्याशी उभी राहूनच सांगायची, कोण आलं ते. वडील ते हाताने लोटून मिटवत, भाऊ तसंच सोडून देई. आणि आम्ही पोरं? खालच्या पट्टीवर पाय ठेवून झोके घ्यायचो.

मग ते बसणारच. दाराचा सगळा भार बिजागऱ्यांच्या बाजूला. सांधे सैल झाले, की चौकोन तिरका होतो, कडीकडचा खालचा कोपरा जमिनीला टेकतो आणि दार घासू लागतं. आमच्या शहाबादी फरशीवर त्याने पांढरट कमान कोरली होती. सुतारकाका आले, की आधी दोरी काढायचे. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी धरायची, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही मापं सारखी भरली तर दार काटकोनात. बिजागरीच्या स्क्रूचं भोक मोठं झालं असेल, तर त्यात काडेपेटीच्या काड्या फेविकॉल लावून ठोकायच्या, आणि वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळायचा. मग एक तिरकी पट्टी, तीही खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडेच. उलटी मारली तर ती भार पेलत नाही, नुसती लोंबते. पावसाळ्यात मात्र ते रंध्याला हात लावत नसत. लाकूड फुगलेलं असतं. आत्ता तासलं तर दिवाळीला बोटभर फट पडेल, म्हणायचे.

माझ्या फ्लॅटला आता घडीची जाळी आहे. तिच्यातून चिलटसुद्धा येत नाही, हे कबूल. पण तिची दोरी तुटली तेव्हा दुरुस्तीला आलेल्या मुलाने पाहिलं आणि अख्खी जाळीच बदलायला सांगितली. तशीही ती फक्त गॅलरीला आहे. जिन्याकडचं दार सदा बंद, त्याच्याबाहेर सेफ्टी डोअर, तेही बंद. इतकं कमी उघडणारं दार बसेल तरी कशाला?

आईकडचं दार यंदा पुन्हा घासू लागलं. इमारत रीडेव्हलपमेंटला जायची आहे, त्यामुळे भाऊ म्हणाला, कशाला खर्च करतोस? नव्या घराला सेफ्टी डोअर मिळणारच आहे. "त्याला जाळी असते का रे?" आईने विचारलं. सातव्या मजल्यावर डास येत नाहीत, असं तो म्हणाला. "आणि माणसं?" यावर तो गप्प बसला.

सुतार मिळेना. दुकानदार चुंबकाची जाळी पुढे करत होता. त्याच्याकडून शेवटी तार आणि ती ताणायचा टर्नबकल आणला. तारेचा हिशेब पट्टीच्या उलटा. पट्टी खालून रेटते आणि तार वरून ओढते, म्हणून ती वरच्या बिजागरीपासून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे न्यायची. खाली पाचर सारून कोपरा उचलला, टर्नबकल पिळत गेलो. दोरीची दोन्ही मापं जुळली आणि दार फरशीवरून सुटलं. वरची कड अजून थोडी अडते. रंधा माळ्यावर आहे, पण श्रावण चालू आहे, दसऱ्यानंतर बघू.