भाजणीचा वास

सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडी करताना नाक आणि जीभ प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवावी लागते. हातात मोजे, डोळ्यांवर गॉगल, पुढ्यात फ्यूम हूडची काच. हुंगायचं नाही, चाखायचं तर मुळीच नाही. नियम योग्यच आहे. १८७९ साली कॉन्स्टंटिन फालबर्गला जेवताना पाव गोड लागला, तो हाताला चिकटून आलेल्या रसायनामुळे. त्यातून सॅकरिन हाती लागलं. ते रसायन विषारी निघालं असतं, तर काय झालं असतं हे सांगायला नको. पण सिलिकाच्या कॉलममधून थेंबथेंब द्रावण गोळा करायचं, टीएलसीच्या प्लेटवर ठिपके बघायचे, आणि हवं ते संयुग मिळालं का, हे एनएमआरच्या आलेखाला विचारायचं. महिनोन्‌महिने खपून केलेल्या वस्तूची चव नाही, वास नाही, स्पर्शही नाही.

म्हणून मी स्वयंपाक करते. वरणभात रोजचाच, मन लावून करते ती थालिपिठाची भाजणी. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, सगळं वेगवेगळं, मंद आचेवर. प्रत्येक धान्याची भाजण्याची वेळ निराळी. तांदूळ पांढरेशुभ्र होऊन फुलतात, उडदाची डाळ गुलाबीसर होते, ज्वारीच्या एकदोन लाह्या कढईबाहेर उडतात. धणे शेवटी, कारण ते बघता बघता करपतात. कढईत काय चाललंय ते मला ठाऊक असतं. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केलेली, अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली अभिक्रिया. साधारण १४० अंशांच्या पुढे ती जोर धरते आणि तिच्यातून शेकडो संयुगं तयार होतात. एकेक वेगळं काढायचं तर एक अख्खा प्रबंध व्हायचा. इथे कच्चट वास सरून खमंग वास सुटला की गॅस बंद करायचा, बस्स. खमंग आणि करपट यांच्यामधली ती थोडकी वेळ नाकालाच कळते.

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. थालिपिठात कांदा, कोथिंबीर, ओवा आणि उरलेली मेथी एकदमच पडते. ओल्या फडक्यावर थापायचं, बोटानं भोकं पाडायची, त्यांत तेल सोडून झाकण ठेवायचं. निकाल पाच-दहा मिनिटांत, आणि परीक्षक खोलीतल्या मैत्रिणी.

अभ्यास बुडू नये म्हणून आईनं मला कधी ओट्याकडे फिरकू दिलं नाही. तिच्या वाट्याला चूल सक्तीनं आली होती, त्यामुळे तिचं बरोबरच होतं. आता फोनवर तीच सांगते, “अगं, उडीद बेतानं घे, पीठ चिकट होतं.”

कढईपुढे उभं राहून मला संशोधनाची कल्पना कधी सुचलेली नाही, आणि सुचावी अशी अपेक्षाही नाही. स्वयंपाकाची किंमत त्यावरून ठरवूच नये. दुसऱ्या दिवशी कॉलम भरताना हात घाई करत नाहीत, एवढं मला पुरतं.

बहुतेक वसतिगृहांत खोलीत शेगडी ठेवायला बंदी असते. आगीची भीती खरी आहे, तक्रार नाही. पण नव्या वसतिगृहांचे आराखडे ज्यांच्या हातात आहेत, त्यांनी प्रत्येक मजल्यावर एक ओटा, एक नळ आणि दोन शेगड्यांपुरती जागा जरूर काढावी.